नवीन लॅपटॉपसाठी ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्ड डिस्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप घेताना बहुतेक जण प्रोसेसर, रॅम आणि किंमत यांवर बराच खल करतात. ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज, लिनक्ससारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली) आणि हार्ड डिस्क (म्हणजे फायली ठेवण्याची साठवण) यांचे पर्याय मात्र दुकानदार सांगेल तसे किंवा सवलत जास्त दिसेल तिकडचे स्वीकारून मोकळे होतात. पुढे रोजच्या वापरात कुरबुर सुरू होते ती बहुतेकदा याच दोन बाबींवरून, म्हणून येथे केवळ त्यांच्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.

आधी काय ठरवावे, ऑपरेटिंग सिस्टीम की हार्ड डिस्क?

आधी आपल्या कामाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करावी. ऑपरेटिंग सिस्टीम त्या यादीवरून आपोआप ठरते. टॅलीवर हिशेब ठेवणारे लेखापाल, सॉलिडवर्क्स शिकणारे यांत्रिकी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि रेव्हिटवर काम करणारे वास्तुविशारद यांना विंडोजशिवाय सोयीचा मार्ग नाही, कारण ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवली जातात. ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर चालते, लिनक्सवर चालत नाही. मॅटलॅब तिन्हींवर चालते. जीएसटी विवरणपत्रे किंवा ई-निविदा भरताना डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लावावे लागत असेल, तर त्या टोकनचा ड्रायव्हर (ते चालवणारे पूरक सॉफ्टवेअर) कोणकोणत्या सिस्टीमसाठी मिळतो हे टोकन देणाऱ्याला खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

यादी झाल्यावर दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा : यातले काय नंतर बदलता येईल? लिनक्स केव्हाही फुकट टाकता येते आणि विंडोज होमचे प्रो पैसे भरून घरबसल्या करता येते, पण मदरबोर्डवर, म्हणजे आतील मुख्य सर्किट पाटीवर, सोल्डर केलेली (डाख देऊन कायमची बसवलेली) साठवण लॅपटॉप भंगारात जाईपर्यंत तेवढीच राहते. म्हणून हातातले पैसे आधी त्या न बदलणाऱ्या भागावर खर्च करावेत, या मताचा मी आहे, आणि पुढील बरीचशी उत्तरे त्याच मतावर आधारलेली आहेत.

तोच लॅपटॉप ‘डॉस’सह काही हजारांनी स्वस्त मिळत आहे. तो घ्यावा का?

जाहिरातीतील ‘डॉस’ म्हणजे बहुतेक वेळा फ्रीडॉस. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेली ही मुक्त प्रणाली जुन्या एमएस-डॉसच्या धर्तीवरची आहे आणि आजच्या अर्थाने तिच्यावर काहीच करता येत नाही : वाय-फाय नाही, ब्राउझर नाही, काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर तेवढा आहे. लॅपटॉप विंडोजशिवाय विकायचा असेल तर त्यावर काहीतरी असावे, एवढ्यासाठी ती घातलेली असते.

ज्यांना लिनक्सच वापरायचे आहे किंवा ज्यांच्याकडे दुसऱ्या यंत्रावर हलवता येणारा विंडोजचा सुट्या विक्रीचा (रिटेल) परवाना आधीच आहे, त्यांनी असा लॅपटॉप खुशाल घ्यावा. इतरांनी हिशेब मांडून पाहावा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना विंडोजचा परवाना घाऊक दराने मिळतो, त्यामुळे दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक सहसा विंडोज वेगळे विकत घेण्याच्या खर्चापेक्षा कमी असतो. वाचलेले पैसे नंतर परवान्यासाठी जास्त होऊन जाणार असतील, तर त्याला बचत म्हणता येत नाही.

आणखी एक अडचण विकत घेतल्यावरच कळते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांमध्ये साठवणीचे नियंत्रण व्हीएमडी नावाच्या सुविधेकडे असते. अशा यंत्रावर पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकू लागल्यास डिस्कची यादी पूर्ण रिकामी दिसते आणि माणसाला वाटते की डिस्कच खराब आली. प्रत्यक्षात इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर त्याच पेन ड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉलेशनच्या वेळी ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की डिस्क दिसू लागते. माझ्या ओळखीतील एका विद्यार्थ्याने एवढ्याच कारणासाठी नवा कोरा लॅपटॉप परत करायला काढला होता.

दुकानदार म्हणतात, ‘डॉसवाला घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो.’ यात धोका काय?

परवान्याचे बिल मिळणार असेल तर काहीच नाही. बिल मिळणार नसेल, तर ते क्रॅक केलेले (परवाना चुकवून चालवलेले) विंडोज आहे असे समजावे. कायद्याचा भाग सोडला तरी, क्रॅक करणारा प्रोग्राम चालवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्या प्रोग्रामला संगणकावर सर्वाधिकार द्यावे लागतात. ज्या यंत्रावरून पुढे नेट बँकिंग होणार आहे त्याची सुरुवात अशी व्हावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे. कारखान्यातून आलेल्या विंडोजचा परवाना क्रमांक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (त्यावरच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) नोंदलेला असतो, त्यामुळे पुढे कितीही वेळा फॉरमॅट मारले तरी तीच आवृत्ती इंटरनेट जोडताच आपोआप सक्रिय होते.

विंडोज ११ होम घ्यावे की प्रो?

घरगुती वापरासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी होम पुरेसे आहे. प्रोमध्ये बिटलॉकरचे संपूर्ण नियंत्रण, दुसऱ्या ठिकाणाहून याच संगणकात रिमोट डेस्कटॉपने शिरण्याची सोय, कार्यालयाच्या डोमेनमध्ये जोडणी आणि हायपर-व्ही या सुविधा अधिक मिळतात. यांपैकी एकही नाव ओळखीचे वाटत नसेल तर प्रोची गरज नाही. काही स्वस्त लॅपटॉपांवर ‘एस मोड’मधील विंडोज येते आणि त्यात केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील अ‍ॅप चालतात, त्यातून बाहेर पडणे फुकट आहे, मात्र पुन्हा आत येता येत नाही, आणि यावे असे कोणाला वाटल्याचे मी ऐकलेले नाही.

विंडोज १० ची सवय आहे. नव्या लॅपटॉपवर तेच टाकता येईल का?

टाकू नये. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरगुती ग्राहकांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. ही मुदतवाढ जुन्या यंत्रांना सावरण्यासाठी आहे. जुना किंवा वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का हे तपासणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत असावा लागतो, हे तपासून घ्यावे.

केवळ लिनक्सवर भागेल का? मराठीचे काय?

ब्राउझर, ईमेल, लेखन, चित्रपट आणि प्रोग्रामिंग एवढे काम असेल तर उत्तम भागते. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; नवख्यांनी त्यांपैकी उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती किंवा तिच्यावर आधारलेले लिनक्स मिंट घ्यावे. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात, २४.०४ या आवृत्तीला ती २०२९ पर्यंत मिळतील. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारित बॉस लिनक्स तयार केले आहे, आणि भारतीय भाषांचा विचार हा त्यामागील एक उद्देश आहे.

मराठीचा प्रश्न दोन भागांत पाहावा लागतो. युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेत पद्धत) मराठी लिनक्सवर विंडोजइतकीच नीट दिसते, आणि इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड रचना दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे ज्यांची बोटे इनस्क्रिप्टवर बसलेली आहेत त्यांना फरकही जाणवत नाही. खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. छापखाने, वृत्तपत्रे आणि डीटीपी केंद्रे यांच्याकडे श्रीलिपी, आयएसएम किंवा शिवाजीसारख्या बिगर-युनिकोड फाँटमधील वर्षानुवर्षांच्या फायली असतात, आणि त्या उघडण्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर विंडोजच्या भोवतीच वाढलेली आहेत. ज्यांच्या दिवाळी अंकाची पाने अजून अशा फायलींतून जातात त्यांनी लिनक्सकडे जाण्यापूर्वी तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून, वाचून, तपासून घ्यावा. या बदलात जोडाक्षरे आणि रफार हमखास दगा देतात, म्हणून केवळ ‘रूपांतर पूर्ण झाले’ या संदेशावर विसंबू नये.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात का?

येतात, पण क्रम पाळावा : विंडोज आधी, लिनक्स नंतर. लिनक्स टाकण्यापूर्वी विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याच्या विभागातील फायलींना लिनक्समधून हात लावणे धोक्याचे ठरते. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) झालेली असेल तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) आधी लिहून घ्यावी.

एक गमतीचा घोटाळाही होतो. लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, तर विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते; त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसते. बॅटरी बिघडलेली नसते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की प्रश्न मिटतो. दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील तर ५१२ जीबीपेक्षा कमी साठवण घेऊ नये.

मॅकबुक किंवा क्रोमबुक घेताना काय पाहावे?

मॅकमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याचा प्रश्न येत नाही, आणि म्हणूनच साठवणीचा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण आजच्या मॅकबुकमधील साठवण ग्राहकाला नंतर वाढवता येत नाही. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम १ पासूनच्या चिपांवर बूट कॅम्पही चालत नाही, म्हणजे विंडोज थेट टाकता येत नाही. क्रोमबुकला अपडेट १० वर्षे मिळतात, मात्र ही वर्षे त्या मॉडेलचा पाया बाजारात आल्यापासून मोजली जातात. आपण विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतीत मिळणारे जुने मॉडेल घेताना ही तारीख अवश्य पाहावी.

हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत खरोखर एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि तो का पडतो हे एकदा समजून घेतले की पुन्हा शंका राहत नाही. लॅपटॉपमधील नेहमीच्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ थांबावे लागते, आणि त्याआधी टोक योग्य वर्तुळावर सरकण्यात आणखी वेळ जातो. परिणामी इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला शंभरच्या आतबाहेरच तुकडे देऊ शकते. विंडोज सुरू होताना तर हजारो लहान लहान फायली वाचल्या जातात. एसएसडी म्हणजे चिपांवरची साठवण; तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे ती अशी हजारो वाचने एका सेकंदात उरकते. ‘लॅपटॉप हँग होतो’ म्हणून नवा प्रोसेसर शोधणाऱ्या कित्येकांचे दुखणे या फिरणाऱ्या तबकडीत असते.

दुसरे कारण प्रवासाचे आहे. तबकडी आणि वाचक टोक यांत अतिशय सूक्ष्म अंतर असते. लॅपटॉप चालू असताना धक्का बसला तर टोक तबकडीला घासून माहिती कायमची जाऊ शकते, आणि एसटीच्या मागच्या आसनावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्याला धक्क्यांची उणीव भासत नाही. तेव्हा सिस्टीमसाठी एसएसडीच घ्यावी. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला आज एकच मानाची जागा उरली आहे, ती म्हणजे घरी टेबलावर ठेवलेला स्वस्त आणि मोठा बॅकअप.

‘६४ जीबी ईएमएमसी’ म्हणजेही एसएसडीच ना?

नाही. ती मोबाइलमधील स्वस्त साठवणीची बहीण आहे, वेगाने साध्या सॅटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीच्या निम्म्याच्या आसपास आणि जवळजवळ नेहमी सोल्डर केलेली. ६४ जीबीमध्ये विंडोज ११ बसते खरे, पण त्याचे पुढचे मोठे अपडेट बसायला जागा उरत नाही. असा लॅपटॉप घेऊ नये.

सॅटा, एनव्हीएमई, जेन ३, जेन ४ यांतून काय निवडावे?

सॅटा आणि एनव्हीएमई या एसएसडी जोडण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती, आणि जेन म्हणजे पिढी. सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. एनव्हीएमईची तिसरी पिढी साधारण ३५०० एमबीपर्यंत आणि चौथी ७००० एमबीपर्यंत पोचते. आकडे पाहून भुलू नये. हार्ड डिस्ककडून सॅटाकडे येताना जो बदल जाणवतो तो सॅटाकडून एनव्हीएमईकडे जाताना फारसा जाणवत नाही, आणि तिसऱ्या व चौथ्या पिढीतला फरक तर मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांनाच कळेल. नव्या लॅपटॉपांत बहुधा एनव्हीएमईच येते, त्यामुळे पिढीच्या मागे न लागता त्याच पैशात जास्त क्षमता मिळते का ते पाहावे.

२५६ जीबी पुरतील, की ५१२ किंवा १ टीबी घ्यावे?

पहिली गोष्ट, ५१२ जीबीचा लॅपटॉप सुरू केल्यावर ४७६ जीबीच दिसतात आणि ग्राहक दुकानदाराशी भांडायला जातो. फसवणूक झालेली नसते. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्याच हिशेबाने २५६ चे २३८ आणि १ टीबीचे ९३१ दिसतात. त्यातूनही रिकव्हरीचा विभाग आणि अपडेटसाठी राखलेली जागा वजा होते.

केवळ कार्यालयीन कामासाठी आणि सगळे ऑनलाइन ठेवणाऱ्यांसाठी २५६ जीबी चालतात. अभियांत्रिकीची सॉफ्टवेअर, मोबाइलमधून उतरवलेले लग्नाचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ एकत्र आले की मात्र ती जागा वर्षभरात संपते. बहुतेक घरांसाठी ५१२ जीबी हा योग्य आकडा आहे. साठवण सोल्डर केलेली असेल आणि लॅपटॉप पाच वर्षे वापरायचा असेल, तर आज जेवढी गरज वाटते त्याच्या दुप्पट घ्यावी.

नंतर एसएसडी वाढवता येईल का, हे खरेदीपूर्वी कसे ओळखावे?

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका मिळते; तीत एम.२ स्लॉट (एसएसडी बसवण्याच्या खाचा) किती आहेत आणि कोणत्या लांबीचे आहेत हे दिलेले असते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब; २२४२ आणि २२३० या आखूड असतात आणि त्यांत निवड कमी मिळते. दुसरा रिकामा स्लॉट असेल तर आज ५१२ घेऊन पुढे भर घालणे शहाणपणाचे आहे. झाकण उघडल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, हे कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे. दुकानातील ‘काही होत नाही साहेब’ या उत्तराला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

एसएसडी लिहून लिहून झिजते असे म्हणतात. ते खरे आहे का?

खरे आहे, पण भिण्यासारखे नाही. टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) प्रकारच्या अनेक १ टीबी एसएसडींची लेखनमर्यादा ६०० टीबी दिलेली असते. रोज ३० जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात तेवढेही होत नाही, तरी ही मर्यादा गाठायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) प्रकारात मर्यादा कमी असते आणि डिस्क भरत आली की लिहिण्याचा वेगही बराच उतरतो. खरी काळजी वेगळी आहे : हार्ड डिस्क अनेकदा खडखड करून आधी सूचना देते, एसएसडी मात्र बहुधा काही न बोलता एका सकाळी दिसेनाशी होते, आणि चुकून पुसलेल्या फायली, पुसलेली जागा मोकळी करून टाकणाऱ्या ट्रिम या सोयीमुळे, परत मिळणे जवळजवळ अशक्य असते.

सी आणि डी असे विभाग पाडून घ्यावेत का?

हवे असल्यास पाडावेत, पण त्यांना बॅकअप समजू नये. दोन्ही विभाग एकाच डिस्कवर असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. लहान एसएसडीवर तर सी भरून वाहत असतो आणि डी रिकामा पडून राहतो, असेच चित्र दिसते.

एके दिवशी लॅपटॉपने ४८ अंकी क्रमांक मागितला. हा काय प्रकार आहे?

ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की आहे. विंडोज ११ होममध्येही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते आणि की त्या खात्यात साठवली जाते. बायोसचे (लॅपटॉप सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरचे) अपडेट झाले किंवा मदरबोर्ड बदलला की ती मागितली जाते. ती नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा निष्णात कारागीरही माहिती काढून देऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, आपल्या स्वतःच्या खात्याने लॉगिन करून, की कागदावर उतरवून बिलाच्या पाकिटात ठेवावी. दुकानदाराने त्याच्या खात्याने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर की त्याच्याकडे गेली, हेही ध्यानात घ्यावे.

बॅकअपसाठी बाहेरची एसएसडी घ्यावी की हार्ड डिस्क?

वर्षानुवर्षे कपाटात पडून राहणार असेल तर हार्ड डिस्क. ग्राहक वर्गातील एसएसडीने लेखनमर्यादा गाठल्यावरही ३० अंश सेल्सिअसला, विजेविना, एक वर्ष माहिती टिकवावी, असा चिपांची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचा निकष आहे, आणि तापमान वाढले की हा काळ घटतो. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकवते. तरीही विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतील कपाटात ती विसरून जाऊ नये.

जुन्या लॅपटॉपमधील डिस्कचे काय करावे?

चालू स्थितीत असेल तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घालावी, म्हणजे बॅकअपसाठी आयती डिस्क मिळते; २.५ इंची सॅटा आणि एम.२ यांची केसिंग वेगवेगळी असतात, आणि एम.२ मध्येही सॅटा व एनव्हीएमई यांची अदलाबदल बहुतेक केसिंगमध्ये चालत नाही. लॅपटॉप कोणाला देऊन टाकायचा असेल, तर हार्ड डिस्कवर पूर्ण फॉरमॅट करावे, आणि एसएसडीसाठी बायोसमधील किंवा डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील ‘सिक्युअर इरेज’ हा पर्याय वापरावा. हे सगळे करण्याआधी जुन्या डिस्कवरील फोटो नव्या लॅपटॉपवर केवळ उतरवून न थांबता त्यांतले चार-दोन उघडून पाहावेत.